रीळ बदलेपर्यंत

सकाळी साडेदहाला चित्रपट-संग्रहालयाच्या छोट्या सभागृहात तिघंच जणं बसली होती, आणि तिघांतले डॉक्टर आनंदाने नुसते फुलून आले होते. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत. ओरखडे पडलेल्या, बुरशी धरलेल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या जुन्या फिल्मचे आजार ते बरे करत, म्हणून संग्रहालयात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. इतकी वर्षं म्हणत होते की त्यांच्या बायकोलाही आता त्यांचं खरं नाव चटकन आठवत नसावं.

अकरा महिने खपून त्यांनी 'तीन बटणं' हा चित्रपट बरा केला होता. तो ज्या बाईंनी छत्तीस वर्षांपूर्वी काढला, त्या दिग्दर्शिका बाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा तो पहिला चित्रपट. एक शिंपीण दूर गेलेल्या माणसाचा कोट नुसत्या आठवणीतल्या मापावर शिवते, एवढीच गोष्ट. पण त्या चित्रपटाने त्यांचं नाव झालं, आणि त्यातली एक गोष्ट तर अभ्यासक लोक अजून चघळत होते.

तिसरे होते प्राध्यापक. बाईंच्या सुरुवातीच्या शैलीवर त्यांनी तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. चार वाजता शहरातले जाणते लोक हा दुरुस्त चित्रपट बघायला येणार होते, तेव्हा प्रास्ताविक त्यांनाच करायचं होतं. म्हणून त्यांची मान पडद्याकडे कमी आणि मांडीवरच्या कागदांकडे जास्त होती.

पडद्यावर शिंपिणीने कात्री टेबलावर ठेवली. बाईंनी सवयीने श्वास रोखला. आणि कात्रीच्या पाठोपाठ लगेच, सकाळ झाली, खिडकी उघडली, शिंपीण केस विंचरायला बसली.

बाई खुर्चीत सरळ झाल्या.

"डॉक्टर, थांबवा जरा."

"काळा रंग बघितलात ना, मॅडम? आधी राखेसारखा दिसत होता. आता कसा काजळासारखा!"

"कात्री ठेवल्यावर पुढे काय होतं?"

"काय होतं म्हणजे? दुसरं रीळ लागतं."

"आणि मध्ये?"

"मध्ये काहीच नाही. तीच तर गंमत आहे! पाच रिळं, पण सांधा कुठे सापडला तर माझं नाव बदला."

"मध्ये चाळीस सेकंद अंधार होता."

"होता की." डॉक्टरांनी उत्साहाने मान हलवली. "पहिल्या चारही रिळांच्या शेवटी लांबलचक काळी पट्टी होती. ना चित्र, ना आवाज. जुन्या रिळांना असतेच अशी, मशीनमध्ये अडकवायला बरी पडते. ती मी काढली." तांदळातले खडे निवडून टाकले, अशा सुरात त्यांनी सांगितलं.

प्राध्यापकांच्या हातातले कागद खाली पडले. "ते मौन होतं!"

"काय होतं?"

"मौन! अंधाराचं मौन! माझं तिसरं प्रकरण पूर्ण त्यावर आहे. तुम्ही... अहो, तुम्ही माझं तिसरं प्रकरण कापलंत!"

डॉक्टरांचा फुललेला चेहरा असा उतरला की बाईंना स्वतःपेक्षा त्यांचीच दया आली. ते बाईंकडे बघेनात, प्राध्यापकांकडे बघेनात, स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. त्या बोटांनी अकरा महिने एकेक चौकट पुसून काढली होती.

"पट्ट्या जपून ठेवल्यात मी," ते कसंबसं म्हणाले. "काही फेकत नाही मी कधी. पण पुन्हा आत बसवायच्या म्हणजे नवी प्रत बांधावी लागेल. दोन दिवस लागतील. मॅडम, मला वाटलं, ते रिकामंच आहे."

"रिकामंच होतं," बाई म्हणाल्या.

प्राध्यापक एकदम थबकले. रिकामं? त्यांनी अठ्ठावन्न पानं लिहिली होती त्यावर. आणि नवल असं, की ज्यांनी त्या अंधारावर अठ्ठावन्न पानं लिहिली, त्यांच्या समोरून आत्ता तो अंधार गेला तरी त्यांना पत्ता लागला नव्हता. बाईंच्या हे लक्षात आलं आणि अशा प्रसंगीही त्यांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

आता त्या रिकाम्या जागेची हकिगत सांगितली पाहिजे. ती बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती, आणि जिला ठाऊक असायला हवी होती तिलाही नव्हती.

बाईंचे वडील एका लहान गावातल्या चित्रपटगृहात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या खोलीत बसून चित्रपट दाखवणारे. तशा ठिकाणी दोन मशीन लागतात. एकावरचं रीळ संपलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं, खाली बसलेल्यांना कळतही नाही. पण तिथलं दुसरं मशीन कधीच बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करायचं मालकाच्या मनात फार होतं, मनातच होतं. त्यामुळे दर वीस मिनिटांनी चित्र थांबे, वडील रीळ बदलत, आणि दोन-तीन मिनिटं सगळीकडे काळोख. दिव्यांचा खटका खाली दारापाशी, वडील वर. मग खालून ज्या शिट्ट्या सुरू होत, पाय आपटले जात, की वरच्या खोलीचे पत्रे थरथरत.

त्या काळोखात वडिलांची बहीण उठून उभी राहायची.

ही आत्या आठवड्यातून एकदा प्रार्थनाघरात देवाच्या कथा गाऊन सांगत असे. आवाज भरदार, बोलणं गोड, आणि ऐकणाऱ्याला मुठीत कसं धरायचं हे तिला उपजतच कळत होतं. भावावर लोक शिट्ट्या मारतात हे तिला सोसेना. एक दिवस ती पहिल्या बाकावरून उठली आणि काळोखात म्हणाली, "अगं बाई, केवढा गोंधळ! गप्प बसा, मी सांगते." आणि तिने सांगायला सुरुवात केली.

पण काय सांगायची? पडद्यावर झालं तेच नव्हे. तिचं देवाच्या कथांतही असंच असे. राजा सिंहासनावर बसला म्हटलं की ही विचारायची, ते सिंहासन सकाळी पुसलं कुणी? आधी एक ओळ गायची, कायम तीच:

कुणी न पाही ज्याकडे,
देवा, तू पाही त्याकडे.

आणि मग म्हणायची, "घोड्यावरून भरधाव गेला तो तुम्ही पाहिलात. पण त्याला फाटक उघडून देणारा म्हातारा पाहिला का? त्याची टोपी उडाली. ती कुणी उचलून दिली का त्याला?" साऱ्या लोकांना तेव्हा त्या टोपीची काळजी लागायची. मग ती वर खिडकीकडे तोंड करून ओरडायची, "माझं झालं! लाव रे रीळ!" आणि चित्र सुरू व्हायचं. पुढे पुढे असं झालं की लोक रीळ संपायची वाट बघू लागले. दुसरं मशीन दुरुस्त करायचा विषय मालकाने काढला तर लोकच म्हणाले, कशाला उगाच.

ऑपरेटरची मुलगी हे वरच्या खोलीच्या झरोक्यातून बघत मोठी झाली. चित्रपट म्हणजे वीस मिनिटं उजेड आणि मग अंधारात आत्या, अशीच तिची समजूत होती. मोठ्या शहरात शिकायला आल्यावर तिने पहिल्यांदा सलग चित्रपट पाहिला. तिला वाटलं, यांच्याकडे सांगायला कुणी नाही वाटतं, बिचारे.

पुढे 'तीन बटणं' काढताना तिने पाच रिळांच्या मधले चार अंधार मुद्दाम ठेवले. त्यात आत्याचा आवाज भरायचा होता. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ती घरी गेली. आत्याने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि हात झटकले. "समोर माणूस नाही, शिट्टी नाही. मी सांगू कुणाला, या डब्याला?" काही केल्या बधली नाही. चित्रपट पाठवायची तारीख आली. आत्याला काही न सांगता तिने जागा तशीच रिकामी ठेवली आणि चित्रपट गेला.

आणि तिथे घोटाळा झाला. परदेशातल्या महोत्सवात अंधाराची वाहवा झाली. चष्मे लावलेली चार माणसं समोर बसून विचारू लागली, "या अंधारावर कुणाचा प्रभाव?" बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. अंगावर मैत्रिणीचा कोट, भाषा अडखळती. आत्याचा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते एका थंड देशातल्या फार मोठ्या, फार गंभीर दिग्दर्शकाचं नाव. त्याचा एकच चित्रपट त्यांनी पाहिला होता, आणि त्यात त्यांना पंधराव्या मिनिटाला झोप लागली होती. चष्मेवाल्यांनी माना डोलावल्या. मुलाखत छापली गेली. मग तीच मुलाखत पुढच्या मुलाखतीत, त्यातून लेखात, लेखातून तिसऱ्या प्रकरणात. पुढच्या दोन चित्रपटांतही त्यांनी अंधार ठेवले. नंतर निर्माते आले, त्यांनी हरकत घेतली, आणि अंधार गेले. थंड देशातले गुरू तेवढे राहिले.

आत्याने चित्रपट पाहिलाच नव्हता. तो शहरात चार दिवस चालला तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते आणि ती त्यांच्या उशाशी होती. मुलाखत मात्र तिने वाचली होती. कापून, घडी करून, भजनांच्या वहीत ठेवली होती. रागावली म्हणून नव्हे. तिला त्यातून एक थट्टा सापडली होती आणि ती ती छत्तीस वर्षं पुरवून वापरत होती.

आज ब्याऐंशीव्या वर्षी ती पहिल्यांदा 'तीन बटणं' बघायला येत होती. बाईंना आज तिला एवढंच सांगायचं होतं, की ती जागा तुझी होती. तोंडाने सांगायचं धाडस झालं नसतं. म्हणून त्यांनी ते त्या चार अंधारांवर सोपवलं होतं. आत्याला ते बघताक्षणी कळलं असतं. आणि आता दाखवायला अंधारच नव्हते.

बाई उठल्या आणि जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेल्या.

तिथे त्यांच्या वडिलांच्या वेळचं काही नव्हतं. ना तापलेल्या दिव्याचा वास, ना रिळांची खटखट. एक मोठं गुळगुळीत यंत्र, संगणकाचा एक पडदा, एक खुर्ची, आणि खुर्चीत तिथले ऑपरेटर डबा उघडून बसलेले. पाव आणि उकडलेलं अंडं.

"चार वाजताचा चित्रपट चार ठिकाणी थांबवायचाय," बाई म्हणाल्या.

ऑपरेटरनी अंडं खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे थांबवायचा. भिंगापुढची झडप लावायची. पडदा काळा. मी सांगेपर्यंत."

"बाई, एकतीस वर्षं झाली मला या खोलीत. एकदाही माझा पडदा काळा झालेला नाही. वीज गेली तेव्हासुद्धा मी आधी जनरेटर लावला आणि मग घाम पुसला. आणि आज शहरातले सगळे शहाणे खाली बसलेले असताना मी आपण होऊन...? निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या!"

"माझे वडील ऑपरेटर होते."

"अस्सं?" ते जरा सरकून बसले. "कुठलं मशीन?"

"दोन होती. एक चालायचं."

ऑपरेटरनी डोळे मिटले. एका मशीनवर चित्रपट चालवायचा म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. "अरे देवा. आणि लोक शिट्ट्या मारायचे?"

"पत्रे हलायचे."

त्यांनी अर्धं अंडं बाईंच्या पुढे केलं. ऑपरेटर माणूस दुसऱ्या ऑपरेटरच्या मुलीला तसं जाऊ देत नाही. बाईंनी ते खाल्लं आणि एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. कात्री टेबलावर ठेवते. बादलीवाली पाणी ओतते. दिव्याची वात खाली करते. खुंटी रिकामी दिसते.

"या चार जागा."

"आणि पुन्हा चालू कधी करू?"

"ते तुम्हाला ऐकू येईल," बाई म्हणाल्या. येईल की नाही, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

आत्या साडेतीनला आली. हातात काठी, खांद्यावर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, उशी. उशी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमच्या त्या थंड चित्रपटांत झोप येते म्हणे."

"आत्या, हा थंड नाहीये."

"असू दे गं. थंड देशातले गुरुजी बरे आहेत ना तुझे?"

"वारले ते. बारा वर्षं झाली."

"देव त्यांचं भलं करो." आत्याने खरोखर डोळे मिटून हात जोडले. मग एक डोळा उघडला. "तरी तुला शिकवत होते म्हणायचे, छापून आलेलं मी वाचलंय."

"आत्या, तू आज बोलशील का चित्रपटात? मध्ये थोडं?"

"मी? छे गं. गळा गेला माझा, चिमणे. तीन वर्षं झाली, प्रार्थनाघरातसुद्धा मी मागच्या बाकावर बसते आणि दुसरीचं ऐकते. बरं सांगते पोरगी, पण सिंहासन कुणी पुसलं ते सांगत नाही."

बाईंनी तिची पिशवी घेतली आणि तिला आत नेलं. आत्याला विनवून काही होत नसे, हे छत्तीस वर्षांपूर्वी यंत्र घेऊन गेल्या तेव्हाच त्यांना कळलं होतं.

चारला सभागृह भरलं. डॉक्टर शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले, पळायला बरं पडावं म्हणून. प्राध्यापकांनी प्रास्ताविकात अंधाराचं नावच काढलं नाही. त्याऐवजी ते पंधरा मिनिटं बटणांवर बोलले, आणि खरं तर बरं बोलले. मग त्यांनी बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाई उभ्या राहिल्या. समोर पहिल्या रांगेत आत्या मांडीवर उशी घेऊन बसली होती. आत्ता, बाईंना वाटलं. तोंड उघडलं. चष्मेवाल्यांची तीच रांग, फक्त चष्मे नवे. "सगळ्यांचे आभार," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"छान बोललीस," आत्या कुजबुजली. "थोडक्यात."

चित्रपट सुरू झाला. पडदा काजळासारखा आणि दुधासारखा. डॉक्टरांनी काम खरंच सोन्यासारखं केलं होतं. शिंपीण कापडावर खडूने रेघ ओढत होती आणि त्या रेघेचा चुरासुद्धा दिसत होता. आत्याने उशी बाजूला ठेवली. अठराव्या मिनिटाला ती पुढे झुकली. खिडकीबाहेरून एक बाई बादली घेऊन, कमरेवर हात ठेवून, जरा डावीकडे कलून चालत गेली. आत्याने मान वळवून भाचीकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

शिंपिणीने कात्री ठेवली.

आणि काळोख. वरच्या खोलीतल्या ऑपरेटरनी एकतीस वर्षांचा आपला नेम मोडला होता.

कुणी हललं नाही. कुणी खोकलं नाही. जाणते लोक ते, त्यांनी तिसरं प्रकरण वाचलेलं. त्यांना वाटलं, हेच ते प्रसिद्ध मौन. दीडशे माणसं काळोखात आदराने ताठ बसली. दहा सेकंद. वीस.

आत्या अस्वस्थ झाली. ती बाईंच्या कानाशी आली.

"चिमणे, चित्र बंद पडलं वाटतं."

"हं."

"मग हे लोक शिट्ट्या का मारत नाहीत?"

"मोठे लोक आहेत, आत्या."

"म्हणून काय झालं? वर कुणी बिचारा घाबरा झाला असेल. त्याला कळायला नको, खाली माणसं आहेत म्हणून?" आत्या काठी चाचपू लागली, मग पुन्हा मागे टेकली. "पण शिट्टी नाही, तर उठायचं कसं माणसाने?"

तीस सेकंद. पस्तीस.

तेव्हा नऊ चित्रपटांच्या, तीन पुरस्कारांच्या आणि बासष्ट वर्षांच्या दिग्दर्शिका बाईंनी दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की मागच्या रांगेत डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. झरोक्यात बसून शिकलेली शिट्टी ती. छत्तीस वर्षांत मारली नव्हती, पण काही गोष्टी अंगात मुरलेल्या असतात. एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि शिवाय पायही आपटले.

सभागृहात एकच खळबळ. "कोण आहे?" "काय चाललंय?" "अहो, शांतता!"

"अगं बाई, केवढा गोंधळ!" काळोखात भरदार आवाज उमटला. कडेला थोडा फाटलेला, पण भरदार. "गप्प बसा, मी सांगते."

आत्या उभी राहिली होती. काठी जमिनीवर टेकत तिने ताल धरला आणि गायली:

कुणी न पाही ज्याकडे,
देवा, तू पाही त्याकडे.

"शिंपीणबाई तुम्ही पाहिलीत. कोट बेतला, खडूने रेघ ओढली, सगळे कसे तिच्या बोटांकडे बघत होतात. पण खिडकीबाहेरून एक बाई बादली घेऊन गेली, ती कुणी पाहिली? हात वर करा. नाही, करू नका, मला दिसणार नाही." लोक हसले. "मी पाहिली. एक तर तिची कंबर दुखते, ते मला लांबूनच कळलं. दुसरं म्हणजे तिने जाताना खिडकीत बघितलं. आत बोलवतंय का कुणी, असं. बोलावलं का? नाही. बघू या पुढे कुणी बोलावतं का." आणि मान वर करून, "माझं झालं! लावा हो रीळ!"

झडप उघडली. सकाळ झाली, शिंपीण केस विंचरायला बसली. दीडशे माणसं मात्र तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती.

दुसऱ्या अंधाराला शिट्ट्या आपोआप आल्या. आधी एक, मग पाच-सहा. प्राध्यापकांनीही दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. नुसती हवा निघाली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी त्यांना रुमाल दिला. आत्याने बादलीतल्या पाण्याची गोष्ट सांगितली, कुठून आणलं असेल, किती सांडलं असेल, ज्याच्या दारात सांडलं तो काय म्हणाला असेल. तिसऱ्या अंधाराला ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, आवाज पुन्हा थोडा फाटला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सावकाश, आजी, आम्हाला घाई नाही!" शेवटच्या रांगेतून चौथ्या रांगेत येऊन बसलेले डॉक्टर होते ते.

बाईंचं सगळं लक्ष आत्याकडे होतं. आत्या सांगत होती, पण तिला कळलं का? की ती आपली नेहमीसारखी एका घाबऱ्या ऑपरेटरची लाज राखत होती?

चौथं रीळ संपलं. कोट शिवून झाला होता, तीन बटणं लागली होती, बादलीवाली पुन्हा एकदा खिडकीवरून गेली होती, आणि खुंटी रिकामी होती. काळोख. शिट्ट्यांनी छप्पर उचललं.

आत्या उठली, पण गायली नाही. जरा वेळ नुसती काठी वाजवत राहिली. लोक आपोआप गप्प झाले.

"चारदा आली बघा ती बादलीवाली," ती म्हणाली. "आणि चारदा, ती आली रे आली की पाठोपाठ चित्र बंद पडलं. मला वाटलं, वरचं मशीन बिघडलंय. मशीन कसलं बिघडतंय! एवढ्या मोठ्या चित्रपटात ते असं नेमकं तिच्याच मागे बंद पडेल?" ती थांबली. "डावीकडे कलून कोण चालतं, ते मला माहीत आहे. माझ्या भावाला जेवण घेऊन जिना चढायची ना मी, एका हाताने डबा धरून. तेव्हापासून कलले ती कललेच. झरोक्यातून ते कोण बघत होतं, तेही मला माहीत आहे. तर लोकहो, त्या बाईला आत कुणी बोलावलं नाही, असं मी मघाशी म्हटलं. ते चुकलं माझं. तिच्यासाठी चार वेळा सगळा कारभार थांबवून, दिवे मालवून, जागा झाडून ठेवली होती. तीच मेली यंत्राला घाबरून आली नाही."

कुणाला नीट कळलं, कुणाला नाही. बाईंचा रुमाल सापडेना. प्राध्यापकांनी पुढे वाकून त्यांना हातातला दिला. तो मघाचाच होता, ओला, पण तेव्हा कुणी ते बघत नव्हतं.

"आणि थंड देशातले गुरुजी," आत्या सावकाश म्हणाली, "देव त्यांचं भलं करो, बादल्या उचलणारे नव्हते, हेही सांगून ठेवते. माझं झालं. लावा हो रीळ."

ती बसली. बाईंनी काळोखात तिचा हात शोधला आणि धरला.

काळोख मात्र तसाच राहिला. पाच सेकंद, दहा सेकंद. लोक वर बघू लागले. वरच्या झरोक्यात ऑपरेटर दोन्ही कोपर टेकवून, हनुवटी तळहातावर ठेवून, खाली आत्या मघाशी उभी होती त्या जागेकडे बघत होते. झडपेचं त्यांना भानच नव्हतं.

आत्या पुन्हा उठली. काठी वर केली.

"अहो वरचे! झालं म्हणते ना माझं!"